शिकाऱ्याचे हातमोजे

शिकारीच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. परंतु त्या बहुधा बंदुकीचा बार झाला कीं संपतात. त्यानंतरचें काम कथेंत येत नाहीं. हरीण पडलें कीं त्याचें पोट तेथल्या तेथें फाडून आतडीं, जठर, काळीज, फुप्फुसें बाहेर काढावीं लागतात. तसें न केल्यास शरीराची उष्णता आंत कोंडून राहते आणि मांस लवकर नासतें. हें काम घाईचें असतें. बहुतेक वेळां उजेड कमी असतो, बोटें थंडीनें बधिर झालेलीं असतात, रक्तानें सुरीची मूठ निसरडी होते, आणि गोळीनें फुटलेल्या हाडांच्या कपच्या आंत दडलेल्या असतात. अशा वेळीं शिकाऱ्यानें हातमोजे घालावे, कीं उघड्या हातांनीं काम करावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या उत्तरामागें शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या उत्तराचें मोल कित्येकांनीं आपल्या बोटांनीं, तर कांहींनीं आपल्या प्राणांनीं चुकविलें आहे.

जुन्या शिकाऱ्यांचा हातमोज्यांवर आक्षेप असे, आणि तो निव्वळ हट्टाचा नव्हता. सुरीचें पातें आंत शिरल्यावर तें डोळ्यांना दिसत नाहीं. तें कोठें आहे हें दुसऱ्या हाताच्या बोटांनींच समजून घ्यावें लागतें. मूत्राशय किंवा आतडें नकळत चिरलें गेलें तर मांस खराब होतें. जाड मोज्यांत बोटांची ही जाण बोथट होते. हा आक्षेप खरा आहे. दुसरा मात्र फसवा होता. बापआज्यांनीं जन्मभर उघड्या हातांनींच हें काम केलें, त्यांना काय झालें, असें विचारलें जाई. परंतु ज्याला कांहीं व्हावयाचें त्याला तें शिकारीच्या दिवशीं होत नसे. तीन-चार दिवसांनीं ताप भरे, काखेंत गांठ येई, आणि तोपर्यंत शिकारीची आठवण मागें पडलेली असे. कापलेलें जनावर आणि आलेला ताप यांची सांगड घालावी, असें कोणाच्या मनांत येत नसे. ती सांगड घालण्यास शास्त्राला बराच काळ लागला. आणि तिचा आरंभ जंगलांत नव्हे, तर इस्पितळांत झाला.

१८४७ च्या मार्च महिन्यांत व्हिएन्ना येथें याकोब कोलेत्श्का नांवाचे वैद्यकाचे अध्यापक शवविच्छेदन करीत असतां एका विद्यार्थ्याच्या सुरीचें टोक त्यांच्या बोटाला लागलें. जखम लहानशी होती. परंतु थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. त्यांचे स्नेही इग्नाझ सेमेलवाइस यांनीं त्यांच्या विच्छेदनाचें टिपण वाचलें, तेव्हां बाळंतज्वरानें दगावलेल्या स्त्रियांच्या शरीरांत जे फेरफार आढळत तेच येथेंहि त्यांना आढळले. मृत शरीरांतील कांहीं घातक द्रव्य हातावाटे जिवंत शरीरांत जातें, असा निष्कर्ष काढून त्यांनीं विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली, आणि त्यांच्या विभागांतील बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें घटले. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हां प्रस्थापित झालेला नव्हता. तरीहि मृत देह आणि जिवंत हात यांच्यांतील अंतर ओलांडण्यास एक ओरखडा पुरेसा होतो, ही गोष्ट त्या एका बोटानें जगाच्या नजरेस आणली.

हात धुणें हा एक उपाय झाला. हातावर पडदाच घालावा हा दुसरा उपाय बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनंतर अमेरिकेंत निघाला, आणि तोहि जंतूंच्या भयानें नव्हे. १८८९-९० च्या हिवाळ्यांत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची त्वचा पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणानें सोलवटून निघूं लागली. शस्त्रवैद्य विल्यम हॅल्स्टेड यांनीं गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराच्या हातमोज्यांच्या दोन जोड्या प्रयोगादाखल करवून घेतल्या. पुढें १८९० मध्यें त्या दोघांचा विवाह झाला. हातमोज्यांमुळें रोग्याचाहि बचाव होतो, हें त्यांचेच सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनीं अंतर्गळाच्या शस्त्रक्रियांचे आंकडे देऊन १८९९ मध्यें दाखविलें. म्हणजे आज जो हातमोजा रोग्याचा रक्षक म्हणून ओळखला जातो, तो जन्मास आला तो घालणाऱ्याच्या हाताचें रक्षण करण्यासाठीं. शिवाय बोटांची जाण न गमावतां हात झांकतां येतो, हेंहि त्या पातळ रबरानें सिद्ध केलें. शिकाऱ्याच्या खऱ्या आक्षेपाचें उत्तर अशा रीतीनें तयार झालेलें होतें; तें त्याच्यापर्यंत पोहोंचावयाचें तेवढें राहिलें होतें.

तें पोहोंचलें त्या वाटेचें एक टोंक आपल्या मुंबईशीं जुळतें. १८९६ मध्यें मुंबईंत उद्भवलेल्या प्लेगची आठवण महाराष्ट्राला सांगावयास नको. त्याच जगव्यापी सांथीची लाट १९०० मध्यें सॅन फ्रान्सिस्कोला लागली. तेथें उंदरांबरोबरच कॅलिफोर्नियांतील, जमिनींत बिळें करून राहणाऱ्या खारींनाहि प्लेगची बाधा झाल्याचें आढळलें; म्हणून सरकारी आरोग्यखात्यानें खारी मारून तपासण्यास आरंभ केला. या तपासणींत जॉर्ज मॅकॉय यांना कांहीं खारी अशा आढळल्या कीं, त्यांचीं लक्षणें प्लेगचीं, परंतु प्लेगचा जंतु मात्र नाहीं. १९११ मध्यें त्यांनीं या नव्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि पुढल्याच वर्षीं चेपिन यांच्या साहाय्यानें त्याचा जंतु वेगळा काढला. टुलारी परगण्यावरून त्याला नांव मिळालें. खारींचा एक रोग सांपडला, एवढेंच तेव्हां वाटलें. माणसाशीं त्याचा संबंध असेल अशी कल्पना नव्हती.

तो संबंध लौकरच उघड झाला. १९१४ मध्यें ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी येथें एका उपाहारगृहांत मांस कापण्याचें काम करणाऱ्या तरुणाच्या डोळ्याला विकार झाला, आणि त्यांत व्हेरी आणि लँब यांना तोच जंतु मिळाला. तिकडे यूटा संस्थानांत शेतकऱ्यांमध्यें हरणमाशीच्या चाव्यानें येणारा एक ताप ठाऊक होता. १९१९ मध्यें सरकारी आरोग्यखात्याचे एडवर्ड फ्रान्सिस त्याच्या शोधासाठीं तेथें गेले. हा ताप, खारींचा रोग आणि सशांचा रोग हे एकच आहेत, हें त्यांनीं सिद्ध केलें, आणि १९२१ मध्यें या व्याधीला ‘टुलारिमिया’ असें नांव दिलें. लोकांच्या तोंडीं मात्र ‘सशाचा ताप’ हेंच नांव बसलें. कारण अमेरिकेंत हा रोग माणसाला जडण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे रानसशाचें कातडें सोलणें आणि पोट साफ करणें हा होता. बोटावर व्रण पडावा, त्या हाताच्या काखेंत गांठ यावी, आणि ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळावा, असा हा रोग. त्याचे दहा-वीस जंतूहि त्वचेवाटे शिरून रोग उत्पन्न करण्यास पुरेसे होतात, हें पुढें दिसून आलें.

या जंतूची धास्ती किती खरी होती, हें संशोधकांच्या स्वतःच्या अनुभवावरून कळतें. प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या सहा जणांना हा रोग झाल्याचा वृत्तांत फ्रान्सिस आणि लेक यांनीं १९२२ मध्यें प्रसिद्ध केला. स्वतः फ्रान्सिसहि या रोगांतून सुटले नाहींत. ज्यांना जंतूचें स्वरूप ठाऊक, त्याचा प्रवेशमार्ग ठाऊक, त्यांचीहि ही गत झाली. मग अंधाऱ्या रानांत किंवा स्वयंपाकघरांत ससा सोलणाऱ्याची काय कथा! पुढें शास्त्रज्ञांनीं त्या जंतूलाच फ्रान्सिस यांचें नांव दिलें.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. जपानांतील फुकुशिमा येथील डॉक्टर हाचिरो ओहारा यांना मेलेले रानससे हाताळणाऱ्या खेडुतांना ताप येतो असें दिसून आलें होतें. परंतु तर्क आणि सिद्धता यांत अंतर असतें. १९२५ मध्यें त्यांच्या पत्नी रिकी यांनीं आपला हात या परीक्षेसाठीं स्वेच्छेनें पुढें केला. मेलेल्या सशाचें रक्त त्या हाताच्या पाठीवर चोळण्यांत आलें. कांहीं दिवसांतच त्यांना ताप आला आणि काखेंत गांठी उठल्या. तेथून पाठविलेले नमुने वॉशिंग्टनला फ्रान्सिस यांनीं तपासले, आणि जपानांतील रोग व अमेरिकेंतील रोग एकच असल्याचें ठरलें. या प्रयोगाचें समर्थन आजच्या नीतीनें कोणी करणार नाहीं. तथापि त्या बाईंच्या धैर्यामुळें एक गोष्ट निर्विवाद झाली: रोग येण्यास मांस खावें लागत नाहीं, रक्त लागलेला उघडा हात पुरेसा आहे.

मग उपदेशाची पाळी आली. रानससा साफ करतांना रबरी हातमोजे घालावे, मांस पुरतें शिजवावें, आणि जो ससा सुस्त बसून राहतो, पळत नाहीं, त्याला हात लावूं नये, अशा सूचना अमेरिकन आरोग्यखात्यानें शिकारी, मांसविक्रेते आणि गृहिणी यांना दिल्या. तरी १९३९ मध्यें त्या देशांत या रोगाचे २,२९१ रोगी नोंदले गेले. हा आंकडा तेथील उच्चांक होय. नियम सांगणें सोपें. तो हातांत बाणणें कठीण. त्यानंतर आंकडे उतरत गेले, त्याला कारणें अनेक आहेत, आणि त्याचें सारें श्रेय हातमोज्यांना देतां येणार नाहीं. पुढल्या दशकांत स्ट्रेप्टोमायसिन हें औषध निघालें, आणि या रोगाची मृत्युभीति बरीच ओसरली. परंतु औषधानें रोग बरा होतो. तो होऊं न देणें हें काम हाताचेंच राहिलें.

आतां हरणाकडे वळावयास हवें. सशाच्या निमित्तानें शिकाऱ्याच्या हातीं आलेला मोजा पुढें हरणालाहि लागू पडला, आणि त्याची कारणें नवीं होतीं. अमेरिकेच्या मिशिगन संस्थानांत १९९४ मध्यें शिकार झालेल्या एका रानटी हरणांत गाईगुरांचा क्षय आढळला, आणि तपास करतां तो तेथल्या हरणांमध्यें पसरलेला असल्याचें दिसून आलें. २००४ मध्यें त्याच संस्थानांत एका शिकाऱ्याच्या बोटाला हा क्षय झाला. हरणाचें पोट साफ करतांना त्या बोटाला इजा झाली होती. व्हिएन्नांतील त्या बोटाची कथा दीडशें वर्षांहून अधिक काळानंतर रानांत पुन्हां घडली. सुदैवानें तिचा शेवट मात्र तसा झाला नाहीं.

दुसरा रोग याहून गूढ. १९६७ मध्यें कॉलोराडो संस्थानांत कोंडलेल्या हरणांमध्यें प्रथम दिसलेला हा व्याधि हरणाला खंगवीत खंगवीत मारतो. तो मेंदूला भोंकें पाडणाऱ्या रोगांच्या जातीचा आहे, हें १९७८ मध्यें ठरलें. तो माणसाला झाल्याचें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. तरीहि हरीण साफ करतांना हातमोजे घालावे, आणि मेंदू व पाठीचा कणा यांना शक्य तितका कमी स्पर्श करावा, अशी सूचना तेथील आरोग्यखातें देतें. हा रोग जडलेलें हरीण दीर्घ काळ निरोगी दिसतें, म्हणून ही सूचना डोळ्यांवर अवलंबून ठेवतां येत नाहीं. ‘जनावर धडधाकट होतें’ हें उघड्या हाताचें समर्थन होऊं शकत नाहीं.

तेव्हां शिकाऱ्यानें हातमोजे घालावे काय, या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असेंच आहे. परंतु हातमोजा म्हणजे चिलखत नव्हे. पातळ रबर रक्त अडवितें, सुरी अडवीत नाहीं. म्हणून पातें हळू चालवावें लागतें, आणि मोजा फाटल्यास तो तत्काळ टाकून हात साबणानें धुवावे लागतात. रक्ताचा शिंतोडा डोळ्यांत गेला तर मोज्याचा कांहीं उपयोग नाहीं. सशाच्या तापाचा जंतु गोठविलेल्या मांसांतहि दीर्घ काळ जिवंत राहतो. म्हणून बर्फांतून काढलेल्या मांसावर विसंबणेंहि चुकीचें. मोजे घातले म्हणून निष्काळजी झालेला हात उघड्या सावध हाताहून कदाचित् अधिक धोक्यांत असतो.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाच्या शिकारीचा मार्ग बंद झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु या इतिहासाचा धडा शिकाऱ्यापुरता नाहीं. खाटीक, चांभार, पशुवैद्य, आणि घरांत कोंबडी किंवा मासळी साफ करणारी गृहिणी, या सर्वांच्या हातांवर तोच पातळ त्वचेचा पडदा आहे, आणि त्यावर पडलेला ओरखडा बहुधा त्यांना दिसतहि नाहीं. व्हिएन्नांतील अध्यापक, वॉशिंग्टनचे संशोधक आणि मिशिगनचा शिकारी यांपैकीं कोणीहि अडाणी नव्हता. धोका आहे हें ठाऊक असणें आणि हात राखणें या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. पहिली पुस्तकांतून मिळते. दुसरी रोजच्या संवयीनेंच अंगीं बाणते.