‘मालगुडी डेज’ पुन्हा पुन्हा का बघावीशी वाटते?

१९८६-८७ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘मालगुडी डेज’ लोक आजही मोबाईलवर शोधून बघतात. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ही मालिका शंकर नाग यांनी दिग्दर्शित केली. रेखाचित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. मालगुडी हे गाव काल्पनिक. चित्रीकरण मुख्यतः कर्नाटकातल्या आगुंबे इथं झालं.

मग तिच्यात एवढं काय आहे? कटकारस्थानं नाहीत, भागाच्या शेवटी धक्का नाही. पण साध्या माणसाचं छोटंसं संकट इथं कुणी थट्टेवारी नेत नाही. स्वामी क्रिकेटचा सामना चुकवतो आणि जिवलग मित्र राजम दुरावतो. राजम गाव सोडून निघतो तेव्हा स्वामी त्याला द्यायला पुस्तक घेऊन स्टेशनवर जातो. राजमनं माफ केलं का? गोष्ट ते स्पष्ट सांगत नाही.

लहानपणी आपण स्वामीच्या बाजूनं बघतो. मोठेपणी गिरीश कर्नाड यांनी साकारलेल्या त्याच्या कडक वडिलांची काळजीही कळू लागते. म्हणूनच पाहिलेला भाग पुन्हा बघताना वेगळा वाटतो.