पाण्याचा जोर कुठे जिरवायचा?

गेल्या वेळी आपण खानदेशातली फड पद्धत पाहिली. पांझरेवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या. पाणी उताराने चालायचं, जास्तीचं झालं की नदीत परत जायचं.

नंदुरबारला तापी उंच काठांमधून वाहते. तिचं पाणी शेतावर न्यायचं तर उपसावं लागतं. सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज झाले, तापीवर उपसा योजना आल्या. पाणी नळात शिरलं आणि प्रश्न बदलला. चढत्या नळाच्या वरच्या टोकाला दाब बहुतेक संपलेला असतो. धोका असतो खाली, नाल्याकाठी, जिथे नळ रिकामा करायला स्कोअर व्हॉल्व्ह ठेवतात.

तिथे वरच्या सगळ्या पाण्याचा भार असतो. टॉरिचेलीने 1644 साली सांगितलं, की भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या उंचीवर ठरतो. उंची 20 मीटर धरू. घर्षण सोडलं तर वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर, म्हणजे ताशी 70 किलोमीटर! उघडी माती तर सेकंदाला मीटरभर वेगालाच सुटू लागते.

मग हे पाणी मातीला वीसपट जड जातं का? इथे आपल्याला तत्त्वज्ञानाचा एक जुना वाद आठवतो. देकार्तच्या मते गतीचं माप म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. 1686 साली लायब्निझ म्हणाला, नाही, वेगाचा वर्ग घ्या. त्याच्या हिशोबाने तेवढ्याच पाण्यात वीसपट नव्हे, चारशेपट जोर येतो. नुसते चार दगड टाकून भागत नाही ते यामुळेच.

हा जोर नाहीसा करता येत नाही, खर्च करावा लागतो. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनने 1958 साली छापलेल्या पुस्तकात नळाच्या तोंडासाठी एक हौद दिला आहे. धार समोरच्या काँक्रीटच्या टांगत्या भिंतीवर आदळते, घुसळते, आणि संथ होऊन बाहेर पडते. त्यापुढे दगडी पिचिंग. दगडांखाली खडी-वाळूचा थर हवाच, नाहीतर माती फटींतून निघून जाते आणि दगड खचतात.

पाणी पोचलं की योजना झाली, असं आपण समजतो. पण ते सोडायचं कसं, हाही योजनेचाच भाग आहे. जोराची किंमत हौदाने दिली नाही, तर नाल्याकाठचा शेतकरी आपल्या काळ्या मातीने देतो. फडात जास्तीच्या पाण्याची वाट आधी ठरलेली असे. नळाच्या युगातही तेवढं शहाणपण आपल्याला राखायला हवं.