प्रसूतीनंतरची चिंता

बाळंतपणानंतर आईच्या मनात घर करणारी, दिवस लोटले तरी न ओसरणारी आणि झोप-भूक बिघडवणारी भीती. बाळ शेजारी गाढ झोपलेले असते, पण बाळंतिणीचा डोळा लागत नाही. त्याचा श्वास चालू आहे ना, हे ती पुन्हा पुन्हा पाहते. छातीत धडधडते, घाम सुटतो, नाही नाही ते विचार येतात. आपल्याच हातून बाळाला इजा होईल, हा विचार अनेकींना छळतो. तो त्यांना स्वतःलाच असह्य होतो, आणि लोक वेडी ठरवतील या धास्तीने त्या तो कुणाजवळ बोलत नाहीत. काळजी करणारी आई म्हणून तिचे कौतुकच होत राहते आणि आजार लपून राहतो.

पहिल्या आठवड्यातले हळवेपण, रडू येणे बहुतेकींना होते. ते साधारण दोन आठवड्यांत निवळते. चिंता त्यापुढेही टिकते, कधी नैराश्यासोबत, कधी एकटीच. ३४ देशांतील अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत दहापैकी जवळपास एका आईला चिंताविकार असतो.

अशा वेळी सोबत कोण आहे, याला फार महत्त्व असते. सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुका कापडगिरण्यांचा. सुरतेच्या या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगावकडची मराठी कुटुंबे कामासाठी येऊन राहिली आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. तिथे शेक, धुरी, मालीश, डिंकाचे लाडू आणि रात्री बाळाला घेणारे दुसरे हात मिळतात. सव्वा महिन्यानंतर सासरी, त्यातही परमुलखातल्या एका खोलीत परतलेल्या मुलीचा हा आधार एकदम तुटतो. नवरा रात्रपाळीला असेल तर घाबरल्या जिवाला सोबत कुणाचीच नसते. पण त्रासामागे केवळ एकटेपण असते असेही नाही. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के मातांना बाळंतपणानंतर नैराश्य आढळले. त्यामागे पैशाची ओढ, नवऱ्याशी बिनसलेले नाते आणि मुलगी झाल्याची बोच होती. त्यांतील बहुतेकींची घालमेल गरोदरपणीच सुरू झालेली होती.

म्हणून विचारपूस लवकर व्हावी. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेल्या एडिनबरा प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत; त्यांतील तीन विनाकारण स्वतःला दोष देणे, काळजी आणि घाबरेपणा यांविषयीचे. गडचिरोलीत डॉक्टर दांपत्य अभय व राणी बंग यांच्या कामातून पुढे आलेल्या घरपोच नवजात सेवेमुळे आशा कार्यकर्ती बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येते. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते. त्याच भेटीत ‘बाई, तुला झोप लागते का?’ एवढे विचारायला मिनिटही लागत नाही, आणि ते विचारलेच पाहिजे.

थायरॉइड बिघडल्यानेही अशीच धडधड होते, त्यामुळे रक्त तपासावे. समुपदेशनाने पुष्कळ फरक पडतो. गरज पडल्यास सर्ट्रालिनसारखे औषध स्तनपान चालू ठेवूनही घेता येते, कारण ते दुधात फार कमी उतरते. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. भास होणे, असंबद्ध बोलणे, झोपेची गरजच न वाटणे ही प्रसूतीनंतरच्या मनोविकृतीची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मोफत चालते.