पत्त्यांतील निळा : एका निवडीचा इतिहास

गंजिफांच्या आठ रंगांच्या कॅटात ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश अशी रंगांची नावे आढळतात. या आठांपैकी दोनच नावे वर्णवाचक आहेत, आणि तीही वर्ण सांगण्यासाठी योजिलेली नाहीत. 'सफेद' म्हणजे रुप्याचे नाणे व 'सुर्ख' म्हणजे सोन्याचे. उरलेली सहा नावे मुकुट, तलवार, सेवक, वाद्य, आज्ञापत्र आणि व्यापारी माल यांची होत. म्हणजे सफेदच्या पानाची भूमी पांढरीच असली पाहिजे असे कोणतेही बंधन चिताऱ्यावर नव्हते. 'निळा' हा शब्द तर या यादीत कोठेच नाही. निळ्या भूमीची पाने मात्र पुष्कळ कॅटांत सापडतात. ज्याला नाव नाही असा हा रंग पत्त्यांत कोणत्या गरजेने निवडला गेला आणि त्या निवडीचे निकष पुढे कसे पालटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विषय सुचण्याचे कारण मात्र अगदी आजचे आहे. गडचांदूर येथील माझ्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी त्रेसष्ट नावांची एक यादी माझ्यापुढे ठेवली. ती सर्व 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळातील निळ्या पत्त्यांची होती. त्याला त्यांतून पन्नास निवडावयाची होती, आणि खेळणारे दोन नसून चार होते. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने यावर मत काय द्यावे? परंतु यादी चाळताना असे ध्यानात आले की, हा प्रश्न पत्त्यांइतकाच जुना आहे आणि त्याचा जुना भाग तरी आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येतो.

हिंदुस्थानात गंजिफांचा निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. 1527 साली त्याने सिंधमध्ये शाह हुसेन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद तेथे आहे. अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या, म्हणजे 144 पानांच्या, एका जुन्या खेळाचे वर्णन केले असून त्या रंगांची नावे अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी आहेत. त्यांत एक वनपतीही आहे. ब्लॉखमनच्या अनुवादानुसार त्याच्या राजाच्या पानावर वाघ व वजिराच्या पानावर बिबट्या असे. माणिकगडाच्या आसपास राहणाऱ्या वाचकाला गढपती आणि वनपती ही दोन्ही पाने ओळखीची वाटावीत, हा अर्थात केवळ योगायोग होय. त्यावरून कोणताही सिद्धांत उभारण्याचा माझा हेतू नाही.

महाराष्ट्रात या खेळाचे दशावतारी रूप रुजले व त्याचे प्रमुख केंद्र सावंतवाडी हे होते. दशावतारी कॅटात दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, मिळून 120 पाने असतात. बहुधा तिघे खेळाडू असतात व प्रत्येक जण स्वतःसाठी खेळतो. जोडीदार नाही, हुकूमही नाही. प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने येतात. पाने गोल असल्यामुळे हातात धरली असता बहुतेकांची केवळ कडच दिसते. मासा, कासव, परशू इत्यादी चिन्हे पानावर असतातच. तथापि कडेला दिसते ती भूमी. खेळाडू पान ओळखतो ते प्रथम भूमीवरून.

येथे खेळाचा एक नियम नीट समजून घेतला पाहिजे. निम्म्या रंगांत प्रधानाच्या खालोखाल दश्शा श्रेष्ठ असतो आणि एक्का सर्वांत कनिष्ठ. उरलेल्या निम्म्या रंगांत हाच क्रम उलटा होतो, एक्का वर चढतो आणि दश्शा तळाशी जातो. म्हणून दोन भूमींमध्ये घोटाळा झाला तर चूक केवळ रंगाची राहत नाही, पानाचे मोलच उलटे होऊ शकते. दुसरा नियम उतारीचा आहे. आठरंगी खेळात दिवसा सुर्खचा राजा ज्याच्या हाती असेल तो उतारी करतो, रात्री सफेदचा राजा असलेला. दशावतारी खेळात दिवसा राम व रात्री कृष्ण. ज्या खेळात रात्रीसाठी वेगळा नियम आहे, तो रात्री खेळला जात होता हे उघड आहे. तेलाच्या दिव्याच्या उजेडात हिरवा, निळा आणि काळा हे तीन रंग शेजारी धरून पाहावेत. चिताऱ्यापुढील अडचण तेवढ्याने कळेल.

या अडचणीत भाषेचीही भर पडते. संस्कृतातील 'नील' हा शब्द गडद निळ्यापासून काळ्यापर्यंतचा प्रदेश व्यापतो. बर्लिन व के यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, अनेक भाषांत हिरव्यासाठी व निळ्यासाठी एकच शब्द असतो आणि निळ्याला स्वतंत्र मूळ शब्द मिळतो तो तांबडा, पिवळा, हिरवा यांच्यानंतर. त्यांच्या क्रमावर पुढे पुष्कळ आक्षेप आले, व त्यांतील काही मला मान्य आहेत. परंतु निळा हा सीमेवरचा रंग आहे हे निरीक्षण टिकून आहे. मराठीत निळा व हिरवा यांची फारकत स्पष्ट असली, तरी निळा, सावळा व काळा यांच्या सीमा आजही सैल आहेत. आपण कृष्णाला निळाही म्हणतो, सावळाही म्हणतो, आणि त्याच्या नावाचा अर्थ तर काळा असाच आहे.

चिताऱ्याच्या दृष्टीने यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. जो देव निळा, त्याच्या रंगासाठी निळी भूमी निवडणे सर्वांत स्वाभाविक वाटते आणि सर्वांत गैरसोयीचे ठरते, कारण निळी आकृती निळ्या भूमीत बुडून जाते. राम आणि कृष्ण हे दोन्ही राजे याच पंक्तीतले. देवतेच्या वर्णाशी भूमीचा संबंध जोडण्याची जी सवय आपल्याला मूर्तिशास्त्राने लावली आहे ती येथे उपयोगी पडत नाही. म्हणूनच निळी भूमी अमुक एका रंगाचीच, असा नियम सर्वत्र आढळत नाही; केंद्रागणिक व घराण्यागणिक ती बदलते. तिने फक्त इतर भूमींहून वेगळे दिसावयाचे असते. ज्यांनी वर्णविचार शिकला आहे त्यांना हे नवे नाही : 'क' या ध्वनीला स्वतःचा अर्थ नसतो, तो 'ख' नाही एवढ्यावर त्याचे काम चालते.

साहित्याचीही एक मर्यादा होती. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यावर खडूचा लेप देऊन, रंगकाम झाल्यावर पानावर लाखेचे रोगण चढवीत. लाखेच्या रोगणाला पिवळट झाक असते व ती निळ्यावर बसली की निळा हिरव्याकडे झुकतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत पळसावर आणि कुसुंबावर लाख होते; तिची चकचकीत तांबूस पिवळी चपटी हातात घेऊन उजेडाकडे धरली म्हणजे हे शब्दांनी सांगण्याची गरज उरत नाही. चिताऱ्याने निळा निवडावयाचा तो रोगणानंतर कसा दिसेल हे जाणून, कुंचल्याखाली कसा दिसतो हे पाहून नव्हे.

युरोपीय पत्ते आले आणि हा प्रश्नच मिटला. चार रंग, परंतु शाई दोनच, तांबडी व काळी. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर या नावांत 'किलवर' हे डच भाषेतून आलेले आहे. या चौघांना आपण अजूनही 'रंग' म्हणतो, ही मला नेहमीच मौजेची गोष्ट वाटते. शब्द मागे राहिला, वस्तू गेली. निळा पत्त्याच्या पाठीवर जाऊन बसला, जेथे त्याला खेळात काहीच काम नव्हते.

तो पुन्हा दर्शनी बाजूस आला 1993 साली. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेल्या 'मॅजिक' या खेळात पांढरा, निळा, काळा, तांबडा व हिरवा असे पाच रंग आहेत. गंजिफांतील भूमी केवळ भेद दाखवी. येथे रंगाला स्वभाव आहे. निळ्याचा स्वभाव ज्ञान, विलंब व प्रतिबंध यांचा. तो जादा पाने ओढतो आणि दुसऱ्याची चाल घडण्यापूर्वीच रद्द करतो. आरंभीच्या मांडणीत प्रत्येक रंगाला एकाच किमतीत 'तीन' या परिमाणाची एकेक देणगी दिली होती. पांढऱ्याला तीन जीवगुण, तांबड्याला तीन गुणांचा आघात, हिरव्याला प्राण्याच्या बळात तीनची वाढ, काळ्याला तीन एकके जादूबळ, आणि निळ्याला तीन पाने. कागदावर समतोल दिसणारी ही वाटणी प्रत्यक्षात मुळीच समतोल नव्हती, कारण पान म्हणजे यांपैकी काहीही होऊ शकणारी वस्तू. निळ्याचे ते 'अॅन्सेस्ट्रल रिकॉल' आणि त्याचे सोबती 'टाइम वॉक' व 'टाइमट्विस्टर' ही तिन्ही त्या काळच्या सर्वांत प्रबळ नऊ पत्त्यांत गणली जातात; उरलेली सहा कोणत्याच रंगाची नाहीत. एकच संख्या सर्वांना दिली की न्याय झाला, हा समज किती फसवा असतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता त्या यादीकडे वळू. या खेळाची एक पद्धत अशी की, कोणी रसिक स्वतः निवडून 360 पत्त्यांचा एक संच बांधतो. त्याला 'क्यूब' म्हणतात. खेळाडू त्यातील पंधरा पंधरा पाने घेऊन एकेक निवडतात व उरलेली शेजाऱ्याकडे सरकवितात. अशा तीन फेऱ्यांत प्रत्येकाची पंचेचाळीस पाने होतात. आठ जण बसले तर सर्व संच संपतो, चौघे बसले तर निम्मा. विद्यार्थ्याच्या यादीत प्रारंभीच 'काउंटरस्पेल' होते, दुसऱ्याची कोणतीही चाल रद्द करणारे. दोघांच्या खेळात ते उत्तम पान होय : माझे एक गेले, तुझे एक गेले. चौघांत मात्र माझे एक व तुझे एक जाते आणि उरलेले दोघे आयतेच पुढे सरकतात. पानावरचे शब्द तेच, मोल निराळे. उलट 'प्रोपगंडा' हे 1997 चे पान, जे माझ्यावर हल्ला करणाऱ्या प्रत्येक प्राण्यामागे दोन एकके जकात बसविते, ते खेळाडूंच्या संख्येबरोबर वाढत जाते, कारण हल्लेखोर सहजच दुसऱ्याकडे वळतो.

तथापि केवळ बळ पाहून निवड करणेही पुरेसे नाही. 2000 सालचे 'ऱ्हिस्टिक स्टडी' हे पान, प्रतिपक्षाने एक एकक न भरल्यास त्याच्या प्रत्येक चालीमागे मला एक पान देते. चौघांत ते फारच प्रबळ आहे. पण मग डावभर "एक भरतोस का?" हे विचारणे थांबत नाही. 2012 चे 'सायक्लॉनिक रिफ्ट' पुरी किंमत मोजली असता इतर सर्वांची मांडलेली मालमत्ता जमिनी वगळून हातात परत पाठविते. ज्याला त्यानंतर लगेच जिंकता येत नाही त्याने ते खेळले की, दोन तासांचा डाव तीन तासांचा होतो. मी ही दोन्ही काढावीत असे सुचविले. त्यांच्या जागी 2000 सालचेच 'फॅक्ट ऑर फिक्शन' ठेवावे असे माझे मत पडले. त्यात पाच पाने उघडी होतात, प्रतिपक्षी त्यांच्या दोन वाटण्या करतो आणि मी एक उचलतो. भावाभावांच्या वाटणीत वापरली जाणारी ही रीत बाजूला बसलेल्या तिसऱ्या-चौथ्यालाही बोलण्यास वाव देते, आणि चौघांच्या खेळात हे लहान काम नव्हे.

याच ठिकाणी मला सावंतवाडीची आठवण होते. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून लुप्त होऊ घातलेली गंजिफांची कला पुन्हा उभी केली. रुडॉल्फ फॉन लायडेन यांचा गंजिफांवरील ग्रंथ 1982 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने प्रसिद्ध केला. या दोहोंचे ऋण मोठे आहे. परंतु जे परत आले ते पान होय, खेळ नव्हे. आजचा ग्राहक कॅट घेतो तो बहुधा चौकटीत लावण्यासाठी अथवा भेट देण्यासाठी. त्याच्या दृष्टीने निळा सुंदर असला म्हणजे झाले; तो रात्री हिरव्यापासून वेगळा ओळखू यावा ही अट कोणी घालत नाही, कारण दश्शा वर की एक्का वर हे आता कोणाला ठरवावयाचे नसते. कारागिराचा यात दोष नाही. निळा चुकला हे त्याला सांगण्यास तीन खेळाडू लागतात, आणि ते तीन खेळाडूच उठून गेले आहेत.

विद्यार्थ्याने चार दिवसांनी नवी यादी आणली. 'काउंटरस्पेल' गेले होते, 'सायक्लॉनिक रिफ्ट'ही गेले होते. 'ऱ्हिस्टिक स्टडी' मात्र कायम होते. कारण विचारता तो म्हणाला, "सर, आमच्यातल्या एकाला ते विचारत बसायला फार आवडते."