दुसऱ्या उत्तराची कुळकथा

अतिथंड अणूंच्या ढगाचं वर्णन करणारं समीकरण यूजीन ग्रॉस आणि लेव्ह पिताएव्हस्की यांनी 1961 साली स्वतंत्रपणे मांडलं. मुळातली कल्पना सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनला पाठवलेल्या लेखातून निघाली. असा ढग प्रयोगशाळेत दिसायला मात्र 1995 उजाडलं.

समीकरण अरेषीय आहे, म्हणून अणूंना धरून ठेवणाऱ्या एकाच सापळ्यात त्याची अनेक उत्तरं नांदतात. एकात ढग शांत, एकात मधोमध काळी रेघ, एकात भोवरा, एकात उलटसुलट फिरणारी भोवऱ्यांची जोडी. अशी समीकरणं सोडवायची न्यूटनची रीत एका अंदाजापासून निघते आणि जमलंच तर एका उत्तरावर थांबते. अंदाज तोच ठेवला तर उत्तरही तेच. मग बाकीची शोधायची कशी?

यावरचा उपाय मूळचा शाळेतला. क्षचा वर्ग वजा 4 बरोबर शून्य. 2 हे मूळ सापडलं की (क्ष − 2) ने भागायचं. उरतं क्ष + 2, आणि दुसरं मूळ समोरच येतं. याला डिफ्लेशन म्हणतात. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या जेम्स विल्किन्सन यांनी 1963 च्या पुस्तकात या भागाकारातले धोके दाखवले. मुळं चुकीच्या क्रमाने काढली तर पूर्णांकनाच्या बारीक चुका साचतात आणि उरलेली मुळं बिघडतात. त्यापेक्षा भागाकार मांडूच नये. मूळ समीकरणाची किंमत काढावी आणि तीच दर वेळी भागावी.

ही युक्ती अनेक अज्ञातांकडे नेली ब्राऊन आणि गिअरहार्ट यांनी, 1971 मध्ये. सदिशाने भागता येत नाही, म्हणून सापडलेल्या उत्तरापासूनच्या अंतराने भागायचं. पण इथे एक खोट होती. खूप दूर गेलं की अंतर प्रचंड होतं, भागलेली किंमत शून्याकडे झुकते आणि गणित उत्तर नसलेल्या दिशेला धावत सुटतं.

2015 मध्ये पॅट्रिक फॅरेल, आउस्गेर बिर्किसन आणि सायमन फुंके यांनी ‘1 भागिले अंतर’ या गुणकात फक्त 1 मिळवला. जवळ गेलं की गुणक अफाट वाढतो आणि जुनं उत्तर पुन्हा हाती लागत नाही. दूर गेलं की तो 1 च्या आसपास राहतो आणि मूळ समीकरण शाबूत राहतं. या साऱ्या वंशावळीत मला हा 1 सर्वांत मोलाचा वाटतो. दुसरी गोष्टही तितकीच सुंदर आहे. या गुणकामुळे प्रत्येक अज्ञात दुसऱ्या प्रत्येकाशी जोडलं जाईल आणि लाखो अज्ञातांचं गणित आवाक्याबाहेर जाईल, असं वाटतं. पण मांडणी सोडवली की दिसतं, न्यूटनच्या पावलाची रेषा तीच राहते. बदलते ती पावलाची लांबी, क्वचित दिशा उलटते. म्हणजे जादा खर्च जवळजवळ शून्य.

अणूंच्या ढगापर्यंत ही रीत 2018 मध्ये पोचली, चारालाम्पिडिस, केव्रेकिडिस आणि फॅरेल यांच्या हातून. इथे नवी अडचण होती. समीकरणाचं उत्तर म्हणजे एक तरंग, आणि त्याची कला (फेज) फिरवली तरी उत्तर भौतिकदृष्ट्या तेच राहतं, म्हणजे एक उत्तर टाळलं तरी त्याची असंख्य रूपं परत येतात. म्हणून अंतर तरंगांमधलं न मोजता अणूंच्या घनतांमधलं मोजलं. 2020 मध्ये निकोला बुले यांना सोबत घेऊन ही मंडळी तीन मितींत उतरली. सगळी उत्तरं सापडलीच याची हमी ही रीत देत नाही, आणि सापडलेलं प्रत्येक उत्तर बारीक धक्क्यात टिकतं की मोडतं, हे वेगळं तपासावं लागतं.