ब्रोरा व्हिस्की

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ब्रोरा (सदरलंड परगणा) या गावी तयार होणारी माल्ट व्हिस्की. तिची आसवनी मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड (पुढे सदरलंडचा पहिला ड्यूक) याने १८१९ मध्ये क्लाइनलीश या नावाने स्थापन केली. त्याच सुमारास त्याच्या जहागिरीच्या अंतर्भागातील दऱ्यांमधून हजारो कुळांना हुसकावून तेथे मेंढीपालन सुरू करण्यात आले व अनेकांना किनाऱ्यालगतच्या तुटपुंज्या जमिनींवर वसविण्यात आले. तेथील सातूला गिऱ्हाईक मिळावे आणि चोरट्या भट्ट्यांना आळा बसावा, हा आसवनीमागील हेतू होता. जहागिरीच्या कारभाऱ्यांनी या सर्वांस ‘सुधारणा’ म्हटले. ज्यांची घरे जाळण्यात आली, त्यांना ती तशी वाटली असेल, असे म्हणवत नाही.

१९६७-६८ मध्ये शेजारी मोठी नवी आसवनी उभी राहिली व क्लाइनलीश हे नाव तिच्याकडे गेले. बंद पडलेली जुनी आसवनी १९६९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि पुढे ब्रोरा म्हणून ओळखली जाऊ लागली. मिश्र व्हिस्कीसाठी आयला बेटावरील धुरकट माल्ट तेव्हा अपुरे पडत असल्याने, पीटच्या धुरावर वाळविलेले सातू वापरून तसाच माल येथे काढण्यात आला. १९७३ नंतर धुराचे प्रमाण बहुधा कमीच राहिले. सातव्या-आठव्या दशकांतील अतिरिक्त उत्पादनामुळे साठे तुंबले आणि १९८३ मध्ये मालक कंपनीने ब्रोरासह अनेक आसवन्या बंद केल्या.

म्हणजे आज संग्राहक जिच्यासाठी प्रचंड किंमत मोजतात, ती व्हिस्की मुळात मिश्रणाचा साधा कच्चा माल होती. ती दुर्मिळ झाली ती विस्मरणामुळे. ओकच्या पिंपातून दरवर्षी सु. दोन टक्के द्रव उडून जातो व मद्यार्काचे प्रमाणही घटते. ते ४० टक्क्यांखाली गेल्यास तो द्रव स्कॉच म्हणून विकता येत नाही. बाटलीत भरल्यावर व्हिस्कीचे वय वाढत नाही. त्यामुळे उरलेली पिंपे फार काळ ठेवणेही धोक्याचे होते. १९९५ पासून मालकांनी ती स्वतंत्रपणे बाटलीबंद करण्यास प्रारंभ केला. १९७२ च्या उत्पादनातील चाळीस वर्षे मुरलेली व्हिस्की २०१४ मध्ये विक्रीस आली.

मे २०२१ मध्ये मूळची दोन तांब्याची ऊर्ध्वपातन पात्रे दुरुस्त करून आसवनी पुन्हा चालू करण्यात आली. तेथील नव्या द्रवाला चाळीस वर्षे पूर्ण होतील, ती २०६१ मध्ये.