पेलार्गोनियम सिडॉइडिस

(कुल–जिरॅनिएसी). दक्षिण आफ्रिकेचा पूर्व केप प्रांत व लेसोथो येथील गवताळ, खडकाळ जमिनीत रानटी अवस्थेत वाढणारी बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी) ओषधी. पाने हृदयाकृती, मखमली व करड्या-हिरव्या रंगाची. फुले गर्द किरमिजी, जवळजवळ काळी. फळ चोचीसारखे असून प्रजातीचे नाव ‘करकोचा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. ‘सिडॉइडिस’ म्हणजे सिडासारखी (चिकण्यासारखी). हे नाव द कांदॉल यांनी १८२४ मध्ये दिले.

या वनस्पतीची ख्याती फुलांमुळे नसून तिच्या जाड, आतून लालसर मुळांमुळे आहे. स्थानिक लोक मुळांचा काढा अतिसार व छातीच्या विकारांवर पूर्वापार देत आले आहेत. बर्मिंगहॅमचा चार्ल्स हेन्री स्टीव्हन्स हा क्षयरोगी तरुण हवापालटासाठी १८९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेला. एका बासोथो वैद्याने दिलेल्या काढ्याने आपण बरे झालो, अशी त्याची खात्री झाली. इंग्लंडला परतल्यावर त्याने हे औषध क्षयावरील उपाय म्हणून विकावयास काढले. मुळे कोणत्या वनस्पतीची, हे मात्र गुप्त ठेवले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गुप्त औषधांवरील आपल्या ग्रंथात त्यावर कठोर टीका केली. स्टीव्हन्सने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१२ मध्ये ज्यूरीचे एकमत झाले नाही. १९१४ मध्ये तो हरला. त्याचा पक्ष दुबळा होण्यास ही गुप्तताच बव्हंशी कारणीभूत म्हणावी लागेल. कारण अज्ञात द्रव्याची परीक्षा इतरांना करता येत नाही. पुढे जिनीव्हाचे डॉक्टर सेशेहाय यांनी सु. ८०० क्षयरोग्यांवर हे औषध वापरून अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. तथापि त्याने क्षय बरा होतो हे सिद्ध झाले नाही व १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध लागल्यावर हा उपाय मागे पडला.

मुळांची वनस्पतिवैज्ञानिक ओळख म्यूनिक येथे १९७०–८० या दशकात पटली. त्यानंतर त्यांचा अल्कोहॉली अर्क जर्मनीत तीव्र श्वासनलिकादाहावर प्रचारात आला. त्याच्या गुणाविषयीचा पुरावा अद्याप भक्कम नाही. मागणी वाढताच रानातील मुळे मोठ्या प्रमाणावर खणली जाऊ लागली. अर्क काढण्याच्या पद्धतीवर एका जर्मन कंपनीने मिळविलेले यूरोपीय पेटंट पूर्व केपमधील ॲलिस येथील रहिवाशांनी व काही संस्थांनी हरकत घेतल्यावर जानेवारी २०१० मध्ये रद्द झाले. पद्धतीत पुरेसा नवा शोध नाही, हा त्या निर्णयाचा आधार होता. मुळांचा गुण प्रथम ओळखणाऱ्यांच्या हक्काचा प्रश्न त्याने सुटला नाही. [⟶ जिरॅनिएसी].